वर्षात चौथ्यांदा उन्हाळी लागली, दरवेळी तीच गोळी घ्यायची का?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, असा विषय घेऊन पहिल्यांदाच धागा काढतेय, संकोच वाटतोय पण घरात कुणाशी नीट बोलता येत नाहीये. वय ४१, माध्यमिक शाळेत शिकवते, गाव नाशिकपासून तासाभरावर. दिवाळीपासून ही चौथी वेळ. तेच सगळं, लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब, ओटीपोट जड, आणि या वेळी शेवटचे थेंब गुलाबी दिसले म्हणून घाबरलेय.
पहिल्यांदा डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं रिकामं पाकीट मी जपून ठेवलं होतं. नंतर प्रत्येक वेळी तेच पाकीट मेडिकलवाल्याला दाखवायचं, तो न बोलता सहा गोळ्या कापून द्यायचा. दोन दिवसांत बरं वाटलं की बंद, महिना-दीड महिन्यात परत हजर. या वेळी दोन दिवस गोळी घेऊनही ढिम्म फरक नाही.
अजून एक सांगते कारण मला वाटतं त्याचा संबंध आहे. शाळेत आम्हा आठ बायकांना एकच संडास, त्याची कडी तुटलेली, दार आतून एका हाताने धरून बसायचं नाहीतर बाहेर कुणाला तरी उभं करायचं. मधल्या सुट्टीत मुलं समोरच खेळत असतात. त्यामुळे साडेदहा ते साडेपाच मी जातच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. तर हे सगळं त्यामुळेच होतंय का, आणि आता तीच गोळी चालू ठेवू की दुसरी मागू?

रानजाई:
ताई आधी संकोच सोड, अर्ध्या बायकांनी हे भोगलंय, फक्त बोलत नाही कुणी. धन्याचं पाणी घे, रात्री दोन चमचे धने भिजत घाल आणि सकाळी गाळून पी. माझी आजी उन्हाळ्यात सगळ्यांना वाळ्याचं पाणी द्यायची. शहाळं, ताक, कोकम सरबत, आणि तिखट बंद.

कढीगोळे:
रानजाईशी सहमत. उष्णता वाढली की उन्हाळी लागणारच, नावातच आहे की. जवाचं पाणी सगळ्यात भारी.

डॉ_बाभूळ:
खडूफळा ताई, मी फिजिशियन आहे, सातारा भागात वीस वर्षं प्रॅक्टिस. तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही पण दोन गोष्टी आजच्या आज करा.
पहिली, दुसरी गोळी मनाने मागू नका. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) दोन्ही द्या. गोळी चालू असताना कल्चर कधीकधी कोरं येतं हे खरं, पण तुम्हाला दोन दिवसांत काडीचा फरक नाही म्हणजे बहुतेक जंतू त्या गोळीला दाद देत नाहीये, तेव्हा तो कल्चरमध्ये सापडायची शक्यता चांगली आहे. नमुना देऊन झाला की तसंच डॉक्टरांकडे जा, ते रिपोर्टची वाट बघत तुम्हाला तळमळत ठेवणार नाहीत, अंदाजाने औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आला की हवं तर बदलतील.
दुसरी, थंडी वाजून ताप, बरगडीखाली मागच्या बाजूला कुशीत ठणका, किंवा उलट्या, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणजे इन्फेक्शन मूत्राशयातून वर किडनीपर्यंत चढलंय.
गुलाबी रंग मूत्राशयाच्या सुजेमुळे येतो, बऱ्याच जणींना येतो, लगेच भलतंसलतं मनात आणू नका. मात्र बरं झाल्यावर लघवी परत तपासायची. इन्फेक्शन गेलं तरी रक्त दिसतंय तर त्याचा वेगळा शोध घ्यावा लागतो, चाळिशीनंतर तर नक्कीच.

पाणपोई:
@डॉ_बाभूळ, पण एवढ्या चाचण्या कशाला? माझ्या मिसेसला डॉक्टर फोनवरच गोळी सांगतात आणि तीन दिवसात खडखडीत बरी होते. कल्चरचे पैसे आणि दोन-तीन दिवस हकनाक जातात.

डॉ_बाभूळ:
@पाणपोई, तुमचं अगदीच चूक नाही. तरुण, निरोगी, गरोदर नसलेली बाई, वर्षादोनवर्षातून एखाद्या वेळी जळजळ, ताप नाही, अंगावरून पांढरं जात नाही, तर लक्षणांवरून औषध देणं जगभर मान्य आहे. पण इथे चौथी वेळ आहे आणि गोळी लागू पडत नाहीये. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात आणि तिथे अंदाजपंचे चालत नाही.
आता "उष्णतेमुळे होतं" याबद्दल. जळजळ होते म्हणून पूर्वीच्यांनी उष्णता म्हटलं, आणि उन्हाळ्यात घाम जाऊन लघवी कमी होते म्हणून ते पटतंही. पण आग लावणारा असतो जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, जो आपल्या आतड्यात सुखाने नांदत असतो. तिथून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर सरकतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाचा साधारण २० सेंटीमीटर. सगळा फरक या अंतराचा आहे. ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो. आपण लघवी करतो तेव्हा न चिकटलेले बरेचसे धुऊन निघतात, म्हणजे लघवी हीच मूत्राशयाची रोजची झाडलोट. अनुकूल परिस्थितीत हा जंतू साधारण वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. सात तास झाडलोट नाही झाली तर काय होत असेल, तुम्हीच हिशोब करा.

सोनचाफा:
बाप रे. मी रोज कर्जत-सीएसएमटी करते, घरातून सहाला निघते ते ऑफिसात साडेनऊला. स्टेशनवरची स्वच्छतागृहं बघूनच इन्फेक्शन होईल असं वाटतं म्हणून दाबून ठेवते.

माणदेशी:
सोनचाफा ताई हेच तर. मुंबईत २०११ पासून बायकांनी "राईट टू पी" म्हणून मोहीम चालवली ती याचसाठी, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे घ्यायचे, यावरून भांडण सुरू झालं होतं.
मी नर्स आहे, ऊसतोड टोळ्यांच्या तळावर जायचे. त्या बायका पहाटे चारला अंधारात जाऊन येतात ते थेट रात्री अंधारात. दिवसभर फडात उन्हात, पाणी घोटभर. जळजळ होते का विचारलं तर म्हणतात, "ते तर हायच की, ते कुठं आजार हाय." इतकं अंगावर काढतात. एकीला सातव्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला तेव्हा कळलं. गरोदरपणात काही त्रास नसला तरी लघवी तपासायची असते, कारण न कळत असलेलं इन्फेक्शन किडनीपर्यंत जायचा आणि वेळेआधी बाळंत व्हायचा धोका असतो. तिचं निभावलं, बाळ वजनाला कमी झालं पण निभावलं.

डॉ_बाभूळ:
माणदेशी ताईंनी लाखमोलाचं सांगितलं.
@सोनचाफा, घाणेरड्या संडासातून हे इन्फेक्शन उडून आपल्याला चिकटत नाही, जंतू आपलाच असतो. घाण बघून आपण दाबून ठेवतो आणि पाणी पीत नाही, नुकसान त्याने होतं. तेव्हा नाक धरून का होईना, जाऊन या.

निवृत्त_गार्ड:
हा बायकांचा धागा आहे असं समजून पुढे जाणार होतो पण लिहितो. वय ६८. दीड वर्षापूर्वी मलाही हेच, जळजळ, रात्री पाच-पाच वेळा उठणं, धार बारीक. रेल्वेत ३४ वर्षं गार्डच्या डब्यात काढली, दाबून ठेवायची सवय हाडीमाशी मुरलेली, म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं. मग एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. मुलाने रिक्षात घालून नेलं, कॅथेटर घातला तेव्हा जीव भांड्यात पडला. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी पूर्ण बाहेरच पडत नव्हती, सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही जवळजवळ पाव लिटर आत शिल्लक. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं तसंच ते. पुरुषाला इन्फेक्शन झालं तर त्याच्या मागचं कारण शोधायलाच हवं, हे मला त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. गार्ड लोकांनो आणि ड्रायव्हर लोकांनो, ऐका माझं.

पाणपोई:
काका, शेवाळाचं उदाहरण डोक्यात फिट्ट बसलं.

टेम्सकाठची:
इंग्लंडमधून लिहितेय, रेडिंगला असते. इथे तुमच्यासारखं पाकीट दाखवून अँटिबायोटिक मिळत नाही. पण जानेवारी २०२४ पासून एक सोय झालीये, १६ ते ६४ वयाच्या बाईला साधं इन्फेक्शन असेल तर डॉक्टरची अपॉइंटमेंट न घेता फार्मसिस्टच औषध देऊ शकतो. पण तो आत खोलीत बसवून दहा प्रश्न विचारतो, ताप आहे का, कुशीत दुखतंय का, गरोदर आहात का, सहा महिन्यांत आधी झालंय का. माझं "हो, आधी दोनदा झालंय" निघालं तर त्याने औषध दिलं नाही, डॉक्टरकडे पाठवलं. तेव्हा राग आला, आता वाटतं बरं केलं. डॉक्टरांनी मला नायट्रोफ्युरँटॉइन नावाचं अँटिबायोटिक दिलं, तीन दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली, मी घाबरून फोन केला तर म्हणाले औषधाचाच रंग.

डॉ_बाभूळ:
बरोबर. १९५३ सालचं औषध आहे ते, मधे विस्मरणात गेल्यासारखं झालं होतं, आता पुन्हा पहिल्या पसंतीचं झालंय. कारण आपण नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रो, ऑफ्लॉक्सासिन या गोळ्या इतक्या वाटल्या की भारतात ई. कोलाय त्यांना सर्रास पुरून उरतो. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, रक्तात फारसं नाही, म्हणून मूत्राशयासाठी उत्तम आणि किडनीच्या इन्फेक्शनला निरुपयोगी. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांनाही चालत नाही. म्हणून सांगतो, इथे वाचून घेऊ नका.
आणि जळजळीसाठी जे गुलाबी-केशरी सिरप देतात, अल्कलायझर, त्याने आग शमते पण जंतू मरत नाही. बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक अर्ध्यात सोडायचं नाही.

कढीगोळे:
डॉक्टरसाहेब आदर राखून विचारतो, मग जवाचं पाणी, धने, गोखरूचा काढा हे सगळं फोल का? आमच्या घरी तीन पिढ्या यावर बऱ्या झाल्यात.

डॉ_बाभूळ:
फोल कसं म्हणू? सौम्य इन्फेक्शन काही जणींचं भरपूर पाणी पिऊन आपसूक जातं, आणि जवाच्या पाण्यात पाणीच तर आहे. पाण्याचा अभ्यासही झालाय. २०१८ मध्ये एक प्रसिद्ध झाला, १४० बायका, सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, त्यांना वर्षभरात जवळपास निम्म्या वेळाच इन्फेक्शन झालं. पण हे झालं टाळण्यासाठी. ताप आलेल्या बाईला धन्याच्या पाण्यावर ठेवलं तर मी भांडेन. आणि किडनीच्या किंवा हार्टच्या पेशंटने विचारल्याशिवाय कुठलाही काढा नको, जास्तीचं पाणीसुद्धा नको.

कढीगोळे:
पटलं. टाळायला जव, झाल्यावर तुम्ही.

धुळवाफ:
क्रॅनबेरी ज्यूसचं काय? इथे पुण्यात एक बाटली केवढ्याला पडते माहितीये का.

टेम्सकाठची:
@धुळवाफ, परत होऊ नये म्हणून काही बायकांना उपयोग होतो असं दिसलंय, झालेलं बरं करत नाही. बाटलीतल्या ज्यूसमधे साखरच जास्त. त्यापेक्षा दीड लिटर पाणी फुकट आहे.

जुईचावेल:
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून सविस्तर लिहिते. लेकाला १४ महिन्यांचा असताना ताप आला, १०३. सर्दी नाही खोकला नाही, जुलाब नाहीत. दात येताहेत म्हणाले सगळे. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, लघवी तपासली का? एवढं पोर जळजळ होते म्हणून सांगणार कसं! पिशवी चिकटवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे जंतू मिसळतात म्हणून त्यांनी बारीक नळीने नमुना घेतला, मी बाहेर रडत उभी. इन्फेक्शन निघालं, नंतर तपासणीत कळलं की मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे जाते. आता सहा वर्षांचा आहे, ते आपोआप कमी झालं, किडन्या छान आहेत. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही हे मात्र त्यांनी बजावलं होतं, पोट साफ नसलं की मुलांना हे परत होतं.

पांढरीमाती:
सोलापूरहून. मी ३६, पुरुष. दोन वर्षं लघवीत पस सेल्स म्हणजे पूपेशी आणि कल्चर दरवेळी कोरं. पाच-सहा प्रकारची अँटिबायोटिक झाली. वजन ८ किलोने उतरलं. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, पस आहे आणि जंतू उगवत नाही म्हणजे आपण चुकीच्या जंतूला शोधतोय. तीन दिवस पहाटेची पहिली लघवी टीबीसाठी तपासली. किडनीचा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ठणठणीत. फुप्फुसं साफ होती, खोकला कधीच नव्हता, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. साध्या कल्चरमध्ये टीबी उगवत नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहिलं.

माणदेशी:
दादा लिहिलंत ते फार बरं केलंत.

सोनचाफा:
थोडं अवांतर, माझ्या सासूबाईंना, वय ७९, एका संध्याकाळी कुणीच ओळखू येईना. कणकण होती. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला चहा ठेव म्हणून मला सांगत होत्या. आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. निघालं लघवीचं इन्फेक्शन, सलाइनमधून औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी मलाच रागावल्या की केस का विंचरले नाहीस. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते म्हणून वयस्कर बायकांना जास्त होतं, त्यांना नंतर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, तेव्हापासून झालेलं नाही.

डॉ_बाभूळ:
हे क्रीम फार उपयोगी आणि फार कमी वापरलं जातं. उलट बाजूही सांगतो, वयस्कर माणसाच्या लघवीत नुसते जंतू सापडले पण ताप नाही जळजळ नाही, तर त्याला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. रिपोर्टवर लाल अक्षर दिसलं की घरचे हट्ट धरतात. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला पेशंट यांचा अपवाद.

धुळवाफ:
डायबेटिसवाल्यांचंही सांगा ना. आईला नवी गोळी सुरू केल्यापासून खाज आणि जळजळ.

डॉ_बाभूळ:
काही नव्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या साखरेवर बाहेरच्या भागात बुरशी धरते, खाज त्याची असते, ते लघवीचं इन्फेक्शन असेलच असं नाही. गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना दाखवा.

खडूफळा:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं कुणी लिहील असं वाटलंच नव्हतं. त्याच दिवशी अर्धी रजा टाकून नमुना दिला पण फजिती झाली. डबी हातात देऊन मुलगी म्हणाली, भरून आणा, बास. मी घरून सकाळची भरून आणली, वाटेत बँकेत तासभर गेला, डबी गाडीच्या डिकीत, ऊन मी म्हणतंय. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट, "मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्या", म्हणजे बरेच जंतू एकत्र उगवले. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने जळजळ जरा उतरली होती पण रिपोर्ट बघून रडूच आलं.

माणदेशी:
अगं बाई! लॅबमधे हे नीट सांगतच नाहीत. आधी साध्या पाण्याने धुवायचं, साबण-डेटॉल काही नको. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची सोडायची. झाकण उलटं ठेवायचं नाही, डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. शक्यतो लॅबमधेच दे, नाहीतर तासाभरात पोचव, आणि उशीर होणार असेल तर फ्रिजमधे ठेव. डिकीत जंतूंची जत्रा भरते.

निवृत्त_गार्ड:
मुली, धीर सोडू नकोस. परत दे.

खडूफळा:
आज दहाव्या दिवशी लिहितेय. दुसरा नमुना लॅबमधे जाऊन माणदेशी ताईंनी सांगितलं तसाच दिला. ई. कोलाय निघाला, आणि खाली औषधांची जी यादी असते तिच्यात मी दिवाळीपासून घेत असलेल्या गोळीसमोर "आर" म्हणजे रेझिस्टंट, जंतू तिला दाद देत नाही. यादीत तिच्या वरच्या आणि खालच्या, तिच्याच जातीच्या दोन गोळ्यांसमोरही "आर". नायट्रोफ्युरँटॉइनसमोर "एस", म्हणजे ते लागू पडेल. डॉक्टरांनी तेच पाच दिवस दिलं, दुसऱ्या दिवशी रात्री पहिल्यांदा सलग झोपले. सोनोग्राफी चांगली आहे, लघवी शिल्लक राहत नाही, साखर नॉर्मल. लघवी दोन आठवड्यांनी परत तपासायची आहे त्या रक्तासाठी.
आणि शाळेचं. मी काही बोलायची हिंमत करत नव्हते, पण हा धागा आमच्या दोघी मैत्रिणींना दाखवला तर त्यातल्या एकीला गेल्या वर्षी दोनदा झालेलं निघालं, सातवीच्या वर्गातल्या मुलीही पाणी पीत नाहीत असं तिने सांगितलं. मग आम्ही आठही जणी मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. सर बिचारे ओशाळले, त्यांना कडीचं माहीतच नव्हतं. शनिवारी सुतार आला, आमच्या आणि मुलींच्या दोन्ही दारांना कड्या बसल्या. आता दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर मुलींना पाणी पिऊन जाऊन यायला पाच मिनिटं देतोय.

जुईचावेल:
वा ताई! मुलींच्या दाराचं वाचून फार बरं वाटलं.

सोनचाफा:
मी आजपासून दादरला उतरून जाऊन येणार, गाडी सुटली तर सुटली.

पाणपोई:
@डॉ_बाभूळ, मिसेसला परवापासून परत सुरू झालंय, या सहा महिन्यांतली दुसरी वेळ. आज फोन केला नाही, डबी घेऊन लॅबलाच चाललोय. ती विचारतेय सकाळपासून दोनदा जाऊन आलीये, तर आत्ता दिलं तर चालेल का?

डॉ_बाभूळ:
चालेल. शक्य असेल तर दोन-तीन तास थांबून द्या, पण तिला सहन होत नसेल तर आत्ताच द्या, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी नमुना दिल्यावर.